पहिली गुंतवणूक फ्लॅटमध्ये करावी का? (वय २७, पुणे)

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सत्तावीस वर्षांची असून पुण्यात खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षांपासून नोकरी करते. महिन्याला ९५ हजार रुपये हातात येतात. दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहते आणि माझ्या वाट्याला अकरा हजार भाडे येते. मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून साधारण १६ लाख रुपये जमले आहेत. डोक्यावर कर्ज नाही.

सांगलीहून बाबांचा धोशा आहे की पैसा भिंतीत आणि जमिनीत असावा, बाकी सगळे कागद. त्यांच्या आग्रहाखातर मागच्या शनिवारी वाघोलीत बांधकाम सुरू असलेल्या एका प्रकल्पात ६२ लाखांचा टू बीएचके पाहिला. ताबा तीन वर्षांनी मिळणार आहे. मला तेथे राहायचे नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत बंगळूरला बदली होण्याचीही शक्यता आहे, त्यामुळे ही निव्वळ गुंतवणूकच असेल. ५१ हजार रुपये टोकन दिले की भाव गोठतो, असे एजंटचे म्हणणे आहे. सुरुवात अशी करावी, की आधी काही लहान मार्ग आहेत? ज्यांनी विशीत-तिशीत सुरुवात केली त्यांनी अनुभव सांगावेत ही विनंती.

पेठेतला

भाव गोठतो हे ठीक, पण त्याबरोबर आपले पैसेही गोठतात, हे एजंटने सांगितले का? बाकी प्रश्न गुंतवणुकीचा आहे की बाबांना फोनवर काय उत्तर द्यायचे याचा, हे आधी ठरवा. दुसऱ्या प्रश्नावर आमच्याकडे उपाय नाही.

गणित_हौशी

कृष्णाकाठ, ६२ लाख हा करारनाम्यातला आकडा आहे, तुमच्या खिशातून जाणारा नव्हे. कर्ज ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे ४९.६० लाख कर्ज आणि १२.४० लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क, जे पुणे महापालिकेच्या हद्दीत सात टक्के आणि केवळ स्त्रीच्या नावे घर असेल तर सहा टक्के पडते, ते ३.७२ लाख. नोंदणी शुल्क ३० हजार. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळण्याआधी घेतलेल्या आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या फ्लॅटवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ३.१० लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जाच्या हिशोबात धरला जात नाही. जीएसटीचे काय करायचे ते तुमच्या बँकेला विचारा, पण तो स्वतः भरायचा असे धरले तर एकूण १९.५२ लाख रोख लागतात आणि तुमच्याकडे १६ आहेत.

साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे ४३ हजार बसेल. बांधकाम चालू असताना उचललेल्या रकमेवरचे व्याज भरावे लागेल ते तुमच्या सध्याच्या भाड्यासकट, आणि त्या तीन वर्षांत फ्लॅटमधून एक रुपयाही येणार नाही. ताबा मिळाल्यावर तिथे भाडे किती येते, हे कोणी वाघोलीकर असतील तर सांगावे, म्हणजे पुढचे गणित मांडतो.

वाघोलीवासी

मी आहे. माझ्या टू बीएचकेचे भाडे २१ हजार येते आणि त्यातले साडेतीन हजार सोसायटीच्या देखभालीला जातात. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर लागतोच आणि त्याचा खर्च देखभालीत वेगळा दाखवला जातो. भाडेकरू पहिला प्रश्न फ्लॅटचा विचारत नाही, पाणी किती वेळ येते ते विचारतो. मला ताबा ठरल्यापेक्षा एकोणीस महिने उशिरा मिळाला. त्या काळात राहत्या घराचे भाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही भरत होतो, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला बायको काही न बोलता माझ्याकडे पाहत असे.

गणित_हौशी

आभार. वर्षातला एक महिना घर रिकामे राहते असे धरले तर ११ महिन्यांचे भाडे २.३१ लाख. देखभाल ४२ हजार, मालमत्ता कर, रंग, किरकोळ दुरुस्ती आणि एजंटची दलाली मिळून ३० हजार. हाती उरतात १.५९ लाख. एकूण गुंतलेली रक्कम आहे ६९.१२ लाख. म्हणजे वार्षिक उत्पन्न २.३ टक्के, आणि त्यासाठी कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढायचे. उरलेला सगळा भार भाववाढीवर टाकलेला आहे. भाव वाढणारच नाहीत असे माझे म्हणणे नाही, पण तो अंदाज आहे आणि हप्ता हा अंदाज नसतो.

उलटतपासणी

हे गणित कागदावर बरोबर असले तरी माणसाचा स्वभाव त्यात धरलेला नाही. मी २०१० मध्ये वारज्याला २४ लाखांचा वन बीएचके घेतला, तेव्हा पगार ३८ हजार होता आणि हप्ता १७ हजारांच्या घरात. पहिली दोन वर्षे हॉटेलात जेवलो नाही. पण पगार वाढत गेला आणि हप्ता जवळपास तेवढाच राहिला. सातव्या-आठव्या वर्षी तो जाणवेनासा झाला. त्याच काळात 'आम्ही घर घेणार नाही, दरमहा एसआयपी करणार' असे ठामपणे सांगणारे माझे तीन मित्र २०१३ पर्यंत एकेक बुलेट घेऊन मोकळे झाले होते. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो. एसआयपी बंद केली तर कोणाचाच फोन येत नाही. तरुण वयात या धाकाची किंमत मोठी असते, असे माझे मत आहे.

गणित_हौशी

उलटतपासणी, धाकाचा मुद्दा मान्य आहे. पण तुम्ही त्या घरात राहिलात, म्हणजे तुमचे भाडे वाचले. ताई तिथे राहणार नाहीत, आणि या दोन गोष्टींत फार फरक पडतो. माझाच दाखला देतो. मी २०१३ मध्ये हिंजवडीच्या बाजूला केवळ गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतला, सगळे खर्च धरून ४८ लाखांना. मध्ये नोटाबंदी आली, आजूबाजूला इतक्या इमारती उभ्या राहिल्या की भाडेकरू आम्हालाच अटी घालू लागले. २०२३ मध्ये तो ६६ लाखांना विकला. लोकांना १८ लाख फायदा दिसतो. दहा वर्षांत वार्षिक वाढ सव्वातीन टक्के पडते, भाड्याचे दोन टक्के मिळवले तरी सव्वापाच. कर्ज होते दहा टक्क्यांचे.

दस्तऐवज

मी बावीस वर्षे मिळकतींच्या व्यवहारांत वकिली करते. भाव वाढेल की नाही यावर मी बोलणार नाही, पण कागदांबाबत चार गोष्टी सांगते, कारण तरुण मुलेमुली फ्लॅटच्या टाइल्स तासभर पाहतात आणि करारनाम्यावर नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून पाच मिनिटांत सह्या करतात.

रेरा हा बिल्डर आणि त्यांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा २०१६ चा असून महाराष्ट्रात महारेरा या प्राधिकरणाचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घ्या आणि संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहा. तिथे मूळ ताब्याची तारीख आणि मुदतवाढ घेऊन बदललेली तारीख दोन्ही दिसतात, किती सदनिकांची नोंदणी झाली तेही दिसते, आणि जमिनीवर बोजा किंवा न्यायालयीन दावा असेल तर त्याचीही माहिती द्यावी लागते. एजंटने सांगितलेली 'तीन वर्षे' यातल्या कोणत्या तारखेशी जुळतात ते बघा. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबला तर पैसे व्याजासह परत मागण्याचा हक्क आहे, पण आदेश मिळणे आणि रक्कम प्रत्यक्ष वसूल होणे या दोहोंत बराच काळ जाऊ शकतो, हे पक्षकारांना मी पहिल्याच भेटीत सांगते.

आता एक खास तुमच्यासाठी. घरचे सांगतील की वडिलांचे नाव करारनाम्यात दुसरे घाल. घातले, तर स्त्री खरेदीदाराची एक टक्का सवलत जाते, कारण ती फक्त स्त्रियांच्या नावे असलेल्या निवासी घरालाच आहे. तुमच्या बाबतीत ते ६२ हजार रुपये होतात. बँकेला कर्जासाठी सहकर्जदार हवा असेल, तर वडील मालक न होताही सहकर्जदार होऊ शकतात का, ते बँकेला आधी विचारा.

पेठेतला

म्हणजे बाबांचे नाव हप्त्याला चालते, घराला नाही. सांगलीला हे कोण कळवणार?

सातबारा

फ्लॅटऐवजी प्लॉट घ्या असा सल्ला तुम्हाला आज ना उद्या कोणीतरी देईल, म्हणून मी आधीच लिहितो. २०१६ मध्ये कंपनीतल्या तिघांनी मिळून पुण्यापासून ४० किलोमीटरवर प्रत्येकी दोन गुंठे घेतले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दर स्वस्त, रस्त्यावर कमान, कमानीवर कारंजे. खरेदीच्या वेळी समजले की जमीन शेतीची आहे, एन. ए. म्हणजे बिगरशेती झालेली नाही, आणि तुकडेबंदी कायद्यामुळे दोन गुंठ्यांचा वेगळा सातबारा होत नाही. सगळ्यांची नावे एकाच उताऱ्यावर सामाईक लागणार होती. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी घेणारा शेतकरी असावा लागतो. मी साताऱ्याकडचा, वडिलांच्या नावावर जमीन आहे, म्हणून मी त्या अटीतून सुटलो. बाकी दोघे मुंबईचे होते, त्यांची नावे लागलीच नाहीत. आज त्या उताऱ्यावर अकरा नावे आहेत आणि माझे बारावे. त्यावर बँक कर्ज देत नाही, विकायला काढले तर घेणारा 'माझा तुकडा नेमका कुठला?' असे विचारतो, आणि त्याचे उत्तर माझ्याकडेही नाही. कारंजे मात्र अजून आहे, पाणी नाही.

मंजूर रेखांकनातला एन. ए. प्लॉट ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वाईट नाही. पण तो भाडे देत नाही आणि त्यावर कोणी कुंपण सरकवले नाही ना, हे बघायला अधूनमधून जावे लागते. बंगळूरला राहून ते जमणार नाही.

कमळजा

सातबारा, आमच्याकडे रोह्याला अशाच प्लॉटवर आमच्या मामांनी नऊ आंबे लावले. भाववाढ नाही, पण आंबे येतात. परताव्याचा टक्का गणित_हौशी यांनी काढून द्यावा.

गणित_हौशी

हापूस असेल तर पेटी पाठवा, मग काढतो.

ठाणेकर_टोरांटोत

बदलीच्या शक्यतेबद्दल कोणी फारसे बोलले नाही, म्हणून लिहितो. माझा ठाण्याचा फ्लॅट अकरा वर्षे भाड्याने आहे आणि मी तेवढीच वर्षे इथे आहे. दूर राहणाऱ्या मालकाला गळणारा नळ हा नळ राहत नाही, तो चार फोन, एक भाचा आणि दोन हजार रुपये होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे. नोंदणी आता ऑनलाइन होते, त्यामुळे फार त्रासही नाही. मुदत संपून भाडेकरू उठला नाही तर दुप्पट शुल्क मागता येते, पण त्यासाठी करार हातात हवा. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आमच्या सोसायटीने तीन वर्षे पंचवीस टक्के लावले होते, शासन निर्णय दाखवल्यावर निमूटपणे परत केले.

आणि जुना फ्लॅट घेताना विकणारा अनिवासी भारतीय असेल, तर टीडीएस एक टक्क्यात भागत नाही, कितीतरी जास्त कापावा लागतो. न कापल्यास आयकर खाते तुमच्याकडे येते, त्याच्याकडे नाही. मी स्वतः अनिवासी आहे, म्हणून हे बिनदिक्कत सांगतो.

अर्धविराम

मूळ प्रश्नात 'लहान मार्ग' असा शब्द आहे आणि त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. रीट म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मोठ्या इमारती बाळगणारा न्यास, ज्याचे युनिट शेअरसारखे घेता येते. सेबीने २०१४ मध्ये रीटचे नियम केले आणि पहिले रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात आले. पुढे माइंडस्पेस, ब्रुकफील्ड आणि मॉल असलेले नेक्सस सिलेक्ट आले. ज्या खराडीत ताई नोकरी करतात तशा भागांतली कार्यालये भाड्याने देऊन येणारे उत्पन्न हे त्यांचे मूळ. वाटपायोग्य रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते आणि मालमत्तेच्या किमान ८० टक्के भाग पूर्ण झालेल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतींत असावा लागतो. २०२१ पासून एक युनिटही घेता येते, म्हणजे काहीशे रुपयांत सुरुवात होते. मी चार वर्षांपासून दर तिमाहीला थोडे घेतो. युनिटचा भाव खालीही जातो, आणि घरून काम सुरू झाले तेव्हा कार्यालयांचे काय होणार या चिंतेने माझीही झोप उडाली होती. पण विकायचे ठरवले तर दोन दिवसांत पैसे येतात, आणि टँकर लागत नाही.

उलटतपासणी

रीट घेणाऱ्याला लग्नात कोणी विचारत नाही, 'मुलीचे स्वतःचे रीट आहे का?'

दस्तऐवज

उलटतपासणी, मुलीचे स्वतःचे घर आहे म्हटल्यावर 'मग आता त्यावर आमच्या मुलाचेही नाव घालू' असे म्हणणारी दोन स्थळे माझ्या कार्यालयात गेल्या वर्षभरात येऊन गेली. घर घेताना हाही विचार करावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक कबुली द्यायची राहिली आहे. धागा काढला त्याच्या आदल्या दिवशी मी टोकनचा ५१ हजारांचा धनादेश देऊन बसले होते, आणि तुमच्यापैकी कोणीतरी 'छान केलेस' म्हणेल अशी आशा होती.

काल आईबाबांना घेऊन पुन्हा नमुना फ्लॅट पाहायला गेले. मागच्या वेळी मला तो फारच प्रशस्त वाटला होता. आईने पाच मिनिटांत सांगितले की खोल्यांना दारेच लावलेली नाहीत, म्हणून मोकळे वाटते. मग तिने पलंग वितींनी मोजला आणि आमच्या घरच्या पलंगापेक्षा तो दीड वीत आखूड निघाला. विक्री विभागातला मुलगा 'मॅडम, तो फक्त डिस्प्लेसाठी आहे' म्हणाला, त्यावर आई म्हणाली, 'मग माणसेही डिस्प्लेचीच आणा.' दस्तऐवज ताईंनी सांगितल्याप्रमाणे महारेरावर पाहिले तर ताब्याची तारीख एजंटने सांगितल्यापेक्षा चौदा महिने पुढची आहे. बाबा परतताना गाडीत फारसे बोलले नाहीत.

आता टोकन परत मिळेल का?

दस्तऐवज

वाटपपत्र (अलॉटमेंट लेटर) मिळाले असेल तर त्यातले रद्द करण्याचे कलम वाचा. महारेराच्या नमुना वाटपपत्रात पंधरा दिवसांच्या आत रद्द केल्यास कपात नाही, त्यानंतर दिवसांप्रमाणे टक्का वाढत जातो. आजच लेखी कळवा, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्हींनी. फोनवर बोललेले धरू नका. दारे नसल्याचा मुद्दा पत्रात घालू नका, तारखेचा घाला. आणि पुढच्या वेळी नमुना फ्लॅट पाहण्याआधी करारनाम्यातले रेराचे चटई क्षेत्र मागून घ्या. त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत.

वाघोलीवासी

वाघोलीतच घ्यायचे मनात असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला जुना फ्लॅट बघा. जीएसटी लागत नाही, भाडे पहिल्या महिन्यापासून सुरू होते आणि पाण्याची स्थिती वॉचमनला विचारून कळते. आमच्या इमारतीत एक वन बीएचके ३८ लाखांना निघाला आहे. मे महिन्यात येऊन पाहा, पावसाळ्यात नको.

पेठेतला

जुना घेताना सोसायटीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणे, झाले आहे का तेही विचारा. आमच्या सोसायटीची जमीन एकतीस वर्षे मूळ बिल्डरच्याच नावावर होती. पुनर्विकासाची वेळ आली तेव्हा त्याचे तीन वारस उगवले, त्यांतला एक न्यू जर्सीला. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरच्या सहीशिवाय, सरकारी आदेशाने होणारे) करून घेताना दोन अध्यक्ष बदलले.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. टोकन पूर्ण परत आले. बदलीचे नक्की होईपर्यंत घर घेणार नाही, असे बाबांना सांगितले आहे. तोवर हप्ता सुरू झाला आहे असे समजून दर महिन्याला ३५ हजार रुपये बाजूला टाकते, म्हणजे उलटतपासणी यांचा धाकही राहतो. त्यातले पाच हजार रीटमध्ये जातात. वाघोलीवासी, तो वन बीएचके मे महिन्यापर्यंत राहिला तर बघायला येईन.

बाबा हा धागा वाचतात असे आता कळले. त्यांनी गणित_हौशी यांना एक प्रश्न विचारायला सांगितला आहे. सांगलीला विश्रामबागेतले आमचे घर त्यांनी २ लाख १० हजारांना घेतले त्याला ३१ वर्षे झाली. शेजारचे तसेच घर नुकतेच ६० लाखांना गेले. याचा टक्का किती पडतो?

गणित_हौशी

वार्षिक सुमारे ११.४ टक्के. त्या काळात पीपीएफवर १२ टक्के व्याज मिळत होते आणि ते दर पुढे घसरत गेले, त्यामुळे तुमच्या बाबांचा निर्णय चांगलाच ठरला. त्यात ३१ वर्षे वाचलेले भाडे मी धरलेले नाही. ते धरले तर बाबा माझ्या पुढे जातात.

कृष्णाकाठ

हे त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, 'वाचलेले भाडे का धरले नाही ते विचार.'